सरकलेली रेघ

आमच्या लुंगत्सा गावाखालून रेंगा ओढा वाहतो. अल्याड आमचा डोंगर, पल्याड आसामी लोकांची भातखाचरं. माझ्या आजीची आजीसुद्धा थंडी पडली की कापसाची टोपली कपाळपट्ट्याने पाठीवर अडकवून ओढा उतरायची, पल्याडच्या बाजारात कापूस द्यायची आणि मीठ, सुकी मासळी घेऊन वर यायची. पाणी जेमतेम गुडघ्याएवढं. बाई गं, कुठे निघालीस, असं तिला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं ते विलायतेच्या राणीच्या साहेबाने.

त्याने ओढ्याच्या काठाकाठाने लाकडी खांब पुरून आपली रेघ आखली, खांबांना चुना फासला आणि आमच्याच भावकीतल्या पिथुंगोला लाल कोट घालून गावात पाठवलं. पिथुंगोला आसामी चांगलं बोलता यायचं, म्हणून साहेबाने त्याला दुभाष्या केलेला. तो गावाच्या मधोमध उभा राहून ओरडला, "ऐका हो! खांबाच्या पल्याड जायचं तर चौकीवरून चिठ्ठी घ्यायची. भाला, कोयता चौकीवर ठेवायचा. बिनचिठ्ठीचा सापडेल त्याला धरून नेतील. आणि खालचं कुणी वर यायचं नाही. आलं तर त्यालाही धरतील."

"पण का?" माझा भाऊ झुचामो म्हणाला.

"खालचे लोक तुम्हांला लुबाडतात. साहेब तुमचं रक्षण करतोय."

"मला कुणी लुबाडलं रे? पद्मेश्वरीने?"

सगळे हसले. पद्मेश्वरी म्हणजे पल्याडच्या गावातली विणकरीण. तिची सासू माझ्या आईची मैत्रीण होती आणि ती स्वतः माझ्या वहिनीची, रेनबेनीची, जिवाभावाची. कापूस बघायला म्हणून यायची आणि चार-चार दिवस आमच्या चुलीजवळ ठाण मांडायची. आमचे आंबवलेले बांबूचे कोंब तिला पहिल्यांदा नाक दाबून खावे लागले. पुढे तीच मडकं खरवडून न्यायला लागली. असली ती लुबाडणारी!

त्या दिवशी आम्ही हसलो. पुढे हसू आलं नाही.

चिठ्ठी काही सहज मिळायची नाही. चौकीतल्या मुन्शीची मर्जी असेल तर तो लिहायचा. नसेल तर उद्या ये म्हणायचा, आणि उद्या गेलं की पिथुंगोला घेऊन ये म्हणायचा. कापसाची ओझी चौकीच्या दारात पडून राहायची, दवात भिजायची. झुचामोदादा उंच, धिप्पाड माणूस. त्याच्या हातून दोन रानडुकरं पडली होती. तो त्या मुन्शीपुढे खाली मान घालून उकिडवा बसलेला मी पाहिलाय. ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एका थंडीत साहेबलोकांचा मोठा सण आला आणि मुन्शी चौकीला कुलूप लावून निघून गेला. गावातलं मीठ संपलेलं. वहिनी नुकती बाळंत झाली होती. मूल जगलं नव्हतं आणि ती तापाने फणफणत होती. बिनमिठाची पेज तिच्या घशाखाली उतरेना.

दादा म्हणाला, "लोचुमी, तू हिच्यापाशी बस. मी मीठ घेऊन येतो."

"चिठ्ठी?"

"कुलपाकडून घेऊ काय?"

तो दिवसाढवळ्या गेला. लपूनछपून जायला त्याने काही चोरी केली नव्हती. पद्मेश्वरीच्या घरी त्याने मीठ घेतलं, तिच्या नवऱ्याबरोबर बसून जेवला, आणि येताना ओढ्याच्या पल्याडच्या काठावर शिपायांनी त्याला धरला. पाठीवर मिठाची पुरचुंडी, कमरेला कोयता. बिनचिठ्ठीचा आणि वर हत्यारबंद! आमच्याकडे माणूस सरपण आणायला निघाला तरी कोयता कमरेला असतो, पण हे सांगणार कुणाला?

खटला पल्याडच्या कचेरीत झाला. आम्हांला जायचं तर चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी लिहिणारा सणाला गेलेला. त्यामुळे तिथे काय झालं ते आम्हांला पिथुंगोकडूनच कळलं. साहेबाने दादाला समजावलं म्हणे, की हा कायदा तुमच्यासारख्या भोळ्या लोकांच्या भल्यासाठी आहे.

"मग दादा काय म्हणाला?" मी विचारलं.

पिथुंगो जमिनीकडे बघत सांगायला लागला. "तो म्हणाला, ज्यांनी मला मीठ दिलं ते लुटारू, आणि ज्यांनी ते काढून घेतलं ते रक्षक, असं का?"

"तू हे साहेबाला सांगितलंस?"

"मी सांगितलं, त्याला पस्तावा झालाय."

त्याला फटके बसले आणि वर सरकारी रस्त्यावर खडी फोडायची सक्तमजुरी. कामाची मुदत पुरी करून तो आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. खांदे आत गेलेले, आणि खोकला असा, की शेजारच्या घरात कळावं. भाताची कापणी आली तेव्हा तो कोयता उचलायला गेला आणि तिथेच रक्त ओकला. कापणी संपायच्या आत माझा दादा गेला.

आमच्या रीतीप्रमाणे घरासमोर त्याला पुरायचं होतं. तेवढ्यात खालून कुणीतरी सांगत आलं की पद्मेश्वरी ओढ्यावर आली आहे, शिपाई तिला सोडत नाहीत. वहिनी तशीच उठून डोंगर उतरायला लागली. मी तिच्यामागे पळाले.

पल्याडच्या काठावर पद्मेश्वरी उभी होती. घामाघूम, पदर सुटलेला, काखेत पांढरं कापड. आमच्याच कापसाचं तिने विणलेलं. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये बंदूकवाला शिपाई.

"रेनबेनी!" ती ओरडली. "हा मेला मला येऊ देत नाही गं! म्हणतो, तू वर गेलीस तर तुला बेड्या घालतो!"

"तू परत जा!" वहिनी ओरडली. "तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

"हे त्याच्या अंगावर घालायला आणलंय! निदान एवढं तरी घे!"

तिने कापडाची घडी जोर लावून फेकली. ती अर्ध्या वाटेत उलगडली, पाण्यात पडली आणि वाहायला लागली. वहिनीने पाण्यात पाय टाकला. शिपायाने बंदूक खांद्याला लावली. मी मागून वहिनीच्या कमरेला मिठी मारली आणि दगडाला पाय अडकवून तिला धरून ठेवलं. गुडघाभर पाणी! लहान पोरं त्यात डुंबतात. त्या पाण्याच्या दोन काठांवर दोन बाया उभ्या राहून रडत होत्या आणि कापड वळणाआड गेलं.

वहिनी त्यानंतर रडली नाही. ती बोलेनाशी झाली. शेतात मात्र ढोरासारखी राबायची. आमची कापसाची शेतं डोंगराच्या पायथ्याला, ओढ्यालगतच्या उतारावर. तिथली ऊन खाणारी जमीन कापसाला मानवते. दादाच्या माघारी पुढच्या सालचा कापूस तिने एकटीने पेरला, एकटीने निंदला. बोंडं फुटायला आली तेव्हा खालून गोरी माणसं आली. चौकीचा साहेब त्यांच्या पुढे. त्यांच्याकडे लोखंडी साखळी होती. ती जमिनीवर पसरून मोजत ते पुढे सरकायचे. त्यातल्या एका जाड्याने आमच्या शेतातली मूठभर माती उचलली, नाकाशी धरली आणि मान डोलावली. तो चहामळ्याचा मालक होता, हे मागून कळलं.

काही दिवसांनी लाल कोट पुन्हा गावात आला. या वेळी पिथुंगो ओरडला नाही, घसा खाकरून हळू बोलला. "साहेबाची रेघ आता वर सरकली आहे. नवे खांब कापसाच्या शेतांच्या वरच्या अंगाला बसवलेत."

वहिनी उठून त्याच्यापुढे उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी ती चारचौघांत बोलली.

"रेघ सरकते?"

"सरकारला वाटलं तर सरकते, वहिनी."

"कुणासाठी सरकली?"

"चहाच्या मळ्यासाठी. त्यांना उतार हवाय."

"माझा नवरा मिठाला गेला तेव्हा ही हातभर सरकली असती तर? पद्मेश्वरी कापड घेऊन उभी होती तेव्हा? तेव्हा तर तुझ्या साहेबाला ती डोंगराएवढी अचल वाटत होती!"

"मी काय करणार? मी नुसतं सांगतो."

"बरं, मग हेही सांग. माझा कापूस कुणाचा?"

"कापूस... तसा तुमचाच. पण शेत आता पल्याड गेलंय. तिथे जायचं तर चिठ्ठी लागेल."

"शेत कुठेही गेलेलं नाही रे! शेत आहे तिथेच आहे, मी आहे तिथेच आहे. आणि माझ्याच शेतात मी चोर?"

त्या संध्याकाळी गावातली कर्ती माणसं जमली. वरच्या अंगाच्या एका गावाने सरकारी हमालांची वाट अडवली, तर पलटणीने ते गाव धान्याच्या कोठारांसकट जाळलं होतं. ती राख सगळ्यांनी पाहिलेली. तेव्हा एक वर्षाचा कापूस गेला तर गेला, असं ठरत आलं. वहिनी बाहेरून ऐकत होती. ती आत शिरली.

"तुम्ही तुमची कोठारं सांभाळा. पुरुष कुणी येऊ नका. पुरुष आले तर ते लढाई म्हणतील. आम्ही बायका जातो."

"कुठे?"

"साहेबाचं सामान आपल्या शेतात पडलंय. नेऊन देतो."

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही निघालो. खांब नवे होते, माती अजून भुसभुशीत. दोघी हलवायच्या, तिसरी उपटायची. वहिनीने पहिला खांब उपटला तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला. रडण्याचा की ओरडण्याचा, मला सांगता येणार नाही. मग आम्हा सगळ्यांनाच चेव आला. खांब टोपल्यांत उभे घातले, कपाळपट्टे आवळले आणि चालायला लागलो. मागे राहणाऱ्या पोरीबाळींना वहिनीने बजावलं होतं, "शिपाई आमच्या मागे येतील. चौकी रिकामी झाली की तुम्ही शेतात उतरा. बोंडं असतील तशी तोडा, वेचत बसू नका."

तसंच झालं. चौकीवरून आम्ही रांगेने गेलो आणि शिपाई बघतच राहिले. डोक्याच्या वर डुलणारे पांढरे खांब घेऊन बायकांची रांग! एकजण ओरडला, "चिठ्ठी?"

वहिनी थांबलीसुद्धा नाही. "पाठीवर आहे. वाचता येत असेल तर वाच." मग ते सगळे चौकी सोडून आमच्या मागोमाग यायला लागले.

बाजारातून जाताना पद्मेश्वरीने आम्हांला पाहिलं. तिने काही विचारलं नाही. हातातला धोटा मागावर टाकून आली आणि सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या पाठीवरची टोपली स्वतःच्या पाठीवर घेतली. तिला कपाळपट्ट्याची सवय नव्हती. मान वाकडी करून चालत होती, पण तिने ओझं सोडलं नाही.

कचेरीच्या ओसरीवर साहेब आणि तो मळेवाला चहा पीत बसले होते. वहिनीने पाठीवरचा खांब त्यांच्या पायांशी आदळला. कपबशी खाली पडून फुटली. मग एकेकीने आपापला खांब टाकला.

"साहेब, हे तुमचं," वहिनी म्हणाली. "आमच्या कापसात पडलं होतं."

पिथुंगोला धावत आणलं गेलं. त्याने वहिनीचं बोलणं साहेबाला सांगितलं. साहेबाचा चेहरा आधी लाल झाला, मग तो हसला. पोरांना समजवावं तसा बोलायला लागला.

पिथुंगो म्हणाला, "साहेब म्हणतात, खांब उपटून काय होणार? रेघ खांबांत नसते. ती कागदावर आहे, मोठ्या कचेरीत."

"असं?" वहिनी म्हणाली. "मग चहापण तिथेच लाव म्हणावं, कागदावर. माझा उतार कशाला हवा?"

"वहिनी, गप्प बस."

"तू सांगतोस की मी सांगू?" ती साहेबाकडे वळली आणि सरळ आसामीतच बोलायला लागली. बाजारापुरती आसामी आम्हा सगळ्यांना येते आणि साहेबालाही येत होती. "तू म्हणालास, खालचे लोक आम्हांला लुबाडतात. ही बघ खालची. हिने आमच्या म्हातारीचं ओझं उचललं. आणि हा तुझ्या शेजारी चहा पितोय, त्याने माझी माती हुंगली आणि घेतली. आता सांग, रेघ कुणाच्या आणि कुणाच्या मध्ये पाहिजे?"

साहेबाचं हसू गेलं. पुढचं त्याने पिथुंगोला सांगायला लावलं नाही. शिपायांनी वहिनीला दंडाला धरून नेलं. आम्हांला काठ्यांनी ढकलत ओढ्यापर्यंत आणलं. पद्मेश्वरीने दादाला आसरा दिला, वहिनीलाही दिला, असलं काहीबाही लिहून तिच्या नवऱ्याला रस्त्याच्या बेगारीला धाडलं. आणि आमच्या गावावर दंड बसला. शिपायांनी डुकरं हाकून नेली. ज्या घरी एकच डुक्कर होतं, त्या घरचंही.

पण कापूस वर आला होता. गावच्या कोठारात कच्च्या-पक्क्या बोंडांचे ढीग लागले होते. निम्मा वाया गेला. उरलेला आम्ही राखला.

वहिनी तुरुंगात होती तोवर पद्मेश्वरी रोज भात घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची. स्वतःचा नवरा रस्त्यावर खडी फोडत असताना. कधी आत पोहोचवायचे, कधी पहारेकरी स्वतःच खायचे. तरी ती जायची.

वहिनी सुटून आली ती खांबांपाशी थांबली. खांब पुन्हा बसवलेले, या वेळी दगडांत. खाली कापसाची शेतं जाळून काळी केलेली आणि त्या काळ्यात चहाची रोपं, ओळीने. तिने बराच वेळ पाहिलं.

"वहिनी, चल," मी म्हणाले.

"थांब गं. मला नीट बघू दे. विसरायला नको."

मळ्यात काम करायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. त्यांनी लांबून, आगगाडीने आणि बोटीने माणसं आणली. काळीसावळी, हडकुळी माणसं, मजुरीच्या कागदावर अंगठे उठवून घेतलेली. त्यांच्या झोपड्या नव्या रेघेला लागूनच होत्या. मुकादमाच्या छडीचा आवाज आमच्या वाटेपर्यंत यायचा. कधी बाईचा आवाज यायचा. त्यांना मळ्यातून बाहेर पडायची बंदी होती. पळालेल्याला धरून देईल त्या डोंगरातल्या माणसाला मीठ मिळेल, असं साहेबाने जाहीर केलं. दादाच्या पाठीवरून काढून घेतलं तेच मीठ! आणि मला सांगायला लाज वाटते, काही गावांनी ते घेतलं.

एका सकाळी वहिनी सरपणाला गेली आणि एका बाईला घेऊन आली. बाईची पाठ सोललेली. तिला आमची बोली येत नव्हती, आम्हांला तिची. छातीवर हात ठेवून ती "एतवारी, एतवारी" म्हणत राहिली. ते तिचं नाव. वहिनीने पाठीला पाला वाटून लावला, आपली शाल पांघरवली आणि तिला चुलीजवळ बायकांत कापूस निवडायला बसवलं.

दुपारी पिथुंगो दोन शिपायांना घेऊन आला.

"मळ्यातली एक बाई पळाली आहे. इकडे वर आली, असं म्हणतात."

वहिनी दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. "छे! कशी येईल?"

"कशी म्हणजे?"

"पल्याडच्या माणसाला वर यायला बंदी आहे ना? तूच इथे उभा राहून ओरडला होतास. तुझ्या साहेबाची रेघ आहे, शिपाई आहेत, दगडातले खांब आहेत. एवढ्या सगळ्यांतून एक उपाशी बाई वर आली, असं म्हणतोस? मग साहेबाला जाऊन सांग की रेघ फुसकी आहे. जा, सांग. मी येते साक्षीला."

शिपाई पिथुंगोकडे बघायला लागले. "काय म्हणते ही?"

पिथुंगोने वहिनीच्या हाताखालून आत पाहिलं. चुलीचा उजेड होता. आमच्या शालीत बसलेली ती अनोळखी बाई त्याला दिसली, यात मला शंका नाही. त्याने लगेच तोंड फिरवलं.

"मी आत आलो नाही," तो आमच्या बोलीत पुटपुटला. "मी काही पाहिलं नाही."

"तू कधी पाहिलंस?" वहिनी म्हणाली.

त्याने कोटाचं बटण लावलं आणि शिपायांना आसामीत म्हणाला, "इथे कुणी नाही. चला." ते गेले. त्याचे उपकार मी मानत नाही. दादाच्या वेळी त्याने एवढंच केलं असतं, तर?

एतवारी आमच्यातच राहिली. पुढे आणखी दोघी आल्या आणि एक म्हातारा. वहिनी प्रत्येकाला जागा करत गेली. चूल लहान पडायला लागली तेव्हा आम्ही भिंत पाडून घर वाढवलं. खाली चहा वाढतोय, हिरवागार, छाटलेला. साहेब बदलून गेला, दुसरा आला, त्यानेही रेघेला चुना लावला. आणि थंडी पडली की वहिनी कापसाची टोपली पाठीवर घेते, चौकीसमोरून भर उन्हात ओढ्यात उतरते. कधी धरतात, कधी कंटाळून सोडतात. चिठ्ठी तिने आजवर एकदाही मागितलेली नाही.